बटण दाबलं पण डबा उठंना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पावसाळा संपत आला की आमच्याकडं एकाच जातीची पत्रं यायला लागतात, कॉम्प्युटर चालू होईना. कुणाचा लाईट गेल्यापासून, कुणाचा साफसफाई केल्यापासून, कुणाचा "काही केलंच नाही हो, आपोआप" बंद पडलेला (हे आपोआपवाले सगळ्यात जास्त). म्हणून या अंकात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि फक्त न उठणाऱ्या मशीनचेच घेतलेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे प्रत्येक उत्तरात परत सांगायला नको. विहिरीवरची मोटर पाणी उचलंना झाली तर कुणीबी पहिल्या दिवशीच मोटर वर काढत नाही, आधी डीपीवर फेज आहे का बघतात, मग स्टार्टर, मग केबल. कॉम्प्युटरचं मात्र लोक उलटं करतात, थेट "मदरबोर्ड गेला" (मदरबोर्ड म्हणजे आतली मुख्य पाटी) नाहीतर "फॉरमॅट मारा". तसं न करता मशीन कुठपर्यंत येऊन थांबतंय ते बघा. बटण दाबल्यावर पंखाच फिरत नाही, का पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, का स्क्रीनवर कंपनीचं नाव येतं पण विंडोज येत नाही, का सगळं येतं आणि मग बंद पडतं. हे चार वेगवेगळे बिघाड आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. दुकानात फोन करताना पण एवढं सांगितलं तरी समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक अगदीच अडाणी नाही.

नावं कुणाची छापत नाही, गाव तेवढं दिलंय.

प्रश्न (गेवराई, जि. बीड): सर रामराम. आमच्या गल्लीत मागच्या आठवड्यात लाईट एकदम भगभगीत झाली, दोन घरचे बल्ब गेले, शेजारच्यांचा टीव्ही गेला आणि आमचा कॉम्प्युटर तेव्हापासून बटण दाबलं तर काहीच करंना, लाईट नाही पंखा नाही आवाज नाही. गावातला एक पोरगा म्हणला मदरबोर्ड उडाला, नवीनच घ्या. पोरीचे कॉलेजचे सगळे कागद त्यात आहेत. खरंच नवीन घ्यावा लागंल का? आणि स्पाइक बोर्ड होता तरी कामून जळालं?

उत्तर: रामराम दादा. नवीन घ्यायची घाई करू नका आणि पोरीला आधी सांगा की कागद बहुतेक सुखरूप आहेत, कारण असल्या झटक्यात पहिल्यांदा मरतो तो एसएमपीएस, म्हणजे डब्यात मागच्या बाजूला जिथं लाईटची वायर घुसते तो पत्र्याचा चौकोनी ठोकळा. हार्ड डिस्क, म्हणजे जिच्यावर कागद साठवलेले असतात ती, त्याच्या मागं लपलेली असते, ती क्वचित जाते.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरनं डीपीवरचा नाहीतर पोलवरचा न्यूट्रल तुटला असावा. आपल्या घरात एक फेज आणि एक न्यूट्रल येतो, मिळतात २३० व्होल्ट. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांतनं जोडली जातात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट त्या घरांत वाटले जातात, ज्याच्याकडं लोड जास्त त्याच्याकडं बल्ब मिणमिणता आणि ज्याच्याकडं लोड कमी त्याच्याकडं भगभगीत. म्हणून एका गल्लीत एकाचं काहीच होत नाही आणि दुसऱ्याचं सगळं जळतं. पुढच्या वेळी लाईट अशी भगभगीत नाहीतर एकदम डिम दिसली की आधी मेन स्विच पाडा, मग वायरमनला फोन करा, उलटं नको.

आता तपासायचं कसं. ज्या बोर्डात कॉम्प्युटरची पिन आहे त्याच सॉकेटात मोबाईलचा चार्जर लावून बघा, हसू नका, बऱ्याचदा सॉकेटच मेलेलं असतंय नाहीतर स्पाइक बोर्डाचा (विजेचा झटका झेलणारा एक्स्टेन्शन बोर्ड) फ्यूज गेलेला असतो. चार्जर चालला तर मॉनिटरची पॉवर केबल काढून डब्याला लावा, बहुतेक मॉनिटरची आणि डब्याची केबल एकच असती. मग डब्याच्या मागं एसएमपीएसवर एक छोटं बटण असतं त्यावर एका बाजूला रेघ आणि एका बाजूला गोल, ते रेघेकडं दाबलेलं पाहिजे, झाडताना पुसताना ते पडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या एसएमपीएसवर अजून एक लाल सरकतं बटण असतं, त्यावर ११५ आणि २३० लिहिलेलं असतं. ते २३० वरच असलं पाहिजे. ११५ वर करून आपल्याकडची लाईट दिली तर फाडकन आवाज येतो आणि विषय संपला, तेव्हा लेकरांना त्या बटणाशी खेळू देऊ नका.

एवढ्यानं झालं नाही तर वायर काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा म्हणजे आतला उरलेला करंट निघून जातो, परत वायर लावून बटण दाबा. कधी कधी एसएमपीएस स्वतःला वाचवायला लॉक होऊन बसतो तो एवढ्यानं सुटतो. लॅपटॉपवाल्यांनी पण हेच करायचं, चार्जर काढून.

तरीबी काही नाही तर साईडचा पत्रा उघडा. बऱ्याच मदरबोर्डवर वायर लावली की एक बारीक लाईट लागती, बटण दाबायच्या आधीच. ती लागत असेल तर एसएमपीएस अगदीच मेलेला नाही, मग पुढचं बटणच खराब असू शकतं. बटणाच्या दोन बारीक वायरी मदरबोर्डाच्या कोपऱ्यात लावलेल्या असतात, तिथं पीडब्ल्यूआर लिहिलेलं असतं, ती टोपी काढून त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर एकमेकींना टेकवल्या की मशीन चालू व्हायला पाहिजे. झालं तर पाच-पंचवीस रुपयांच्या बटणासाठी तुम्ही नवीन कॉम्प्युटर घेत होतात!

लाईट लागत नसेल तर एसएमपीएसची परीक्षा. वायर भिंतीतनं काढून ठेवायची, मदरबोर्डात घुसलेला २४ पिनांचा रुंद कनेक्टर सोडवायचा, त्यातल्या हिरव्या वायरच्या भोकात आणि शेजारच्या कुठल्याबी काळ्या वायरच्या भोकात वाकवलेली कागदाची पिन घालायची, हात बाजूला काढायचा आणि मग लाईट द्यायची. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जिवंत आहे, नाही फिरला तर बहुतेक गेलाय. सगळ्या वायरी काळ्याच असल्या तर अंदाजानं पिन खुपसू नका, दुकानात टेस्टर असतो दहा सेकंदात कळतं.

आणि हे नीट वाचा. एसएमपीएसचा ठोकळा स्वतः कधी उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि वायर काढल्यावरबी तो काही वेळ राहतो. "आतला फ्यूज बदलून देतो" म्हणणाऱ्याला पण नको म्हणा, फ्यूज बहुतेक दुसरं काहीतरी शॉर्ट झालं म्हणून उडालेला असतो, नवा टाकला की तोबी उडतो. नवा एसएमपीएस घ्या, त्यावर लिहिलेल्या वॅटपेक्षा त्याचं वजन बघा, हातात पोकळ लागणारा घेऊ नका.

स्पाइक बोर्ड होता तरी कामून जळालं असं तुम्ही शेवटी विचारलंय. त्यातला भाग विजेचा क्षणभराचा झटका झेलतो. न्यूट्रल तुटून मिनिटभर ज्यादा व्होल्टेज येत राहिलं तर तो स्वतःच जळतो. त्याच्यासाठी मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवतात, व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की तो लाईटच तोडतो. तुमच्या गल्लीत हे पहिल्यांदाच झालं नसेल तर तो बसवून घ्याच, फ्रिज-टीव्ही पण वाचतील.

प्रश्न (उदगीर, जि. लातूर): घटस्थापनेच्या आधी सगळं घर काढलं, तेव्हा कॉम्प्युटर पण उचलून स्वच्छ पुसला. आता लावला तर पंखा फिरायलाय, लाईट लागायलीय पण स्क्रीनवर काळं आणि नो सिग्नल येतंय. आधी चांगला चालायचा. मिस्टर म्हणतात तूच बिघडवलास. काय करू?

उत्तर: ताई, मिस्टरांना हा अंक वाचायला द्या. तुम्ही बिघडवला नाही, हलवताना काहीतरी ढिलं झालंय एवढंच, आणि हे घरच्या घरी नीट होणारं आहे.

आधी बाहेरचं. मॉनिटरची केबल दोन्हीकडनं काढून परत लावा, निळ्या टोकाची (व्हीजीए) असेल तर दोन्ही बाजूचे स्क्रू पिळा आणि आतली एखादी पिन वाकली नाही ना बघा. मॉनिटरला बटण असतं सोर्स नाहीतर इनपुटचं, केबल एचडीएमआयला आणि मॉनिटर व्हीजीएवर असं झालं तरी नो सिग्नलच येतं. डब्याच्या मागं केबल लावायच्या जागा दोन असतील, एक वरती उभ्या ओळीत आणि एक खाली आडवी, तर तुमच्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, केबल खालच्या जागेत लावायची. साफसफाईनंतरचे निम्मे "बंद पडलेले" कॉम्प्युटर मला वाटतं इथंच चालू होतात, चुकीच्या भोकात केबल.

ते सगळं बरोबर असेल तर रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी. मराठवाड्यात पावसाळ्याचे दोन-तीन महिने दमट हवेत रॅमच्या पट्टीच्या सोनेरी पायांवर बारीक थर बसतो आणि नेमकं त्यात हलवाहलव झाली की संपर्क तुटतो. वायर भिंतीतनं काढा, बटण एकदा दाबून सोडा, साईडचा पत्रा उघडा, डब्याच्या आतल्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावा (अंगातली स्थिर वीज उतरवायला, नायलॉनची साडी नको त्या दिवशी). रॅमच्या लांबट पट्ट्या दोन्ही टोकांच्या क्लिपा दाबल्या की वर येतात. लेकराचं पांढरं खोडरबर घ्या आणि सोनेरी पाय दोन्ही बाजूंनी हलकेच घासा, चुरा कोरड्या ब्रशनं झटका, पाणी थिनर रॉकेल काही नको. परत लावताना पट्टीतली खाच आणि जागेतला उंचवटा जुळवा आणि दोन्ही क्लिपा टक् करून लागेपर्यंत दाबा, बायका इथं भितात आणि अर्धवट दाबतात, पुरुष मात्र उलटी घालून जोर लावतात. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून चालवून बघा, एकेका जागेत. ज्या पट्टीवर चालू होतो ती चांगली.

चालू करताना टूं टूं आवाज येत असेल तर तो लिहून ठेवा, किती लांब किती आखूड. त्याचा अर्थ मदरबोर्डवरच्या बायोसच्या (मशीन उठवणारा मूळ प्रोग्राम) कंपनीप्रमाणं बदलतो, एकात जो रॅमचा असतो तो दुसऱ्यात डिस्प्लेचा, म्हणून ऐकीव माहितीवर रॅम विकत आणू नका. आणि आणायचीच वेळ आली तर जुनी पट्टी दुकानात घेऊन जा, डीडीआर३ च्या जागेत डीडीआर४ (या रॅमच्या पिढ्या) बसत नाही, खाच वेगळ्या जागी असती.

पुढच्या घटस्थापनेला आतनं ओला फडका फिरवायचा नाही, रंगकामाचा कोरडा मऊ ब्रश पुरे.

प्रश्न (सेलू, जि. परभणी): रोज सकाळी चालू केला की एफ१ दाबा म्हणतो, तारीख जुनी दाखवतो आणि इंटरनेटवर साईट उघडली की असुरक्षित आहे असं येतं. व्हायरस आहे का?

उत्तर: नाही हो, सेल संपलाय. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा, वजनकाट्यात असतो तसलाच. लाईट नसताना तारीख-वेळ तो सांभाळतो. पाच-सात वर्षांनी जातो. वायर काढून जुना काढा, नवा लिहिलेली बाजू वर करून बसवा आणि तारीख नीट करा. साईटचा घोळ त्या तारखेमुळंच, साईटच्या सुरक्षा सर्टिफिकेटला मुदत असती आणि तुमचं मशीन जुन्याच साली बसलंय. तोपर्यंत रात्री मेन स्विच बंद न करता चालू ठेवला तर तारीख टिकती, पण सेल एवढा स्वस्त आहे की तसलं जुगाड करू नका. अँटिव्हायरस विकायला कुणी आलं असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

प्रश्न (नांदेड): मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. परवा अपडेट चालू असताना लाईट गेली. तेव्हापासून कंपनीचं नाव येतं, गोल गोल फिरतं, ऑटोमॅटिक रिपेअर म्हणतं आणि परत तेच. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, सगळं जाईल. तीन वर्षांच्या नोट्स आहेत, घरचे फोटो आहेत. काही मार्ग?

उत्तर: भावा, त्या दुकानदाराला एवढंच विचार की डेटा आधी काढून देतो का. देतो म्हणाला तर काम कर, नाही म्हणाला तर मशीन उचल आणि घरी आण. विंडोज न उठणं आणि फाइली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्या नोट्स डिस्कवर जशाच्या तशा पडलेल्या आहेत, त्यांच्यापर्यंत न्यायची पायरी तेवढी तुटलीय, आणि फॉरमॅटनं मात्र त्या खरंच जातात.

पहिलं, लावलेलं सगळं काढ, पेन ड्राइव्ह, प्रिंटर, मोबाईलची केबल, फक्त कीबोर्ड माऊस ठेव. दुसरं, कान लावून ऐक. हार्ड डिस्कमधनं टिक टिक टिक असा एकसारखा आवाज येत असेल तर इथंच थांब, परत परत चालू करू नको, दर वेळी चालू करण्यात ती अजून खराब होती. इंटरनेटवर हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा असं एक औषध फिरतंय, त्यानं आत दव धरतं आणि उरलंसुरलं जातं. अशा डिस्कला डेटा रिकव्हरीवालेच लागतात आणि ते महाग आहे, तेव्हा नोट्सची किंमत तूच ठरव.

आवाज नसेल तर त्याच ऑटोमॅटिक रिपेअरच्या स्क्रीनवर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स असतं, त्यात ट्रबलशूट, त्यात परत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथं अनइन्स्टॉल अपडेट्स असेल, तुझी लाईट अपडेटमध्येच गेली ना, मग आधी शेवटचं अपडेट काढून टाक. नाही जमलं तर सिस्टिम रिस्टोर, लाईट गेली त्याच्या आधीची तारीख दिसली तर तिच्यावर ने, त्यानं फाइलींना धक्का लागत नाही. तेबी नाही तर स्टार्टअप सेटिंग्ज मधनं रिस्टार्ट करून ४ दाब, सेफ मोड (गरजेपुरतंच चालू होणारं विंडोज) येतो का बघ, आला तर पहिल्यांदा नोट्स पेन ड्राइव्हवर घे आणि मग बाकीची दुरुस्ती. जुन्या विंडोजमध्ये चालू होताना एफ८ दाबायचो ते विंडोज ८ पासून आपोआप चालत नाही, उगाच बटण झिजवू नको.

मध्येच ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली तर घाबरू नको, डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद आहे. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करतोस त्या खात्यात मोबाईलवरनं जाऊन बघ, बहुतेक तिथं साठवलेली असती. ती न मिळवता कुणी "काढून देतो" म्हणत असेल तर तो पैसे काढून देणार, तुझे. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी आजच ती की कागदावर उतरवून ठेवा, सेल बदलला बायोसमध्ये हात घातला तरी ती मागू शकतं.

वरचं काहीच चाललं नाही तर सगळ्यात सरळ मार्ग, डिस्क बाहेर काढायची आणि मित्राच्या कॉम्प्युटरला दुसरी डिस्क म्हणून लावायची. यूएसबीला जोडायची केबल मिळती, लॅपटॉपची छोटी डिस्क नुसत्या यूएसबीवर चालती, डेस्कटॉपच्या मोठ्या हार्ड डिस्कला वेगळा ॲडॉप्टर लागतो, घेताना बघून घे. नाहीतर पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू (विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत सिस्टिम) टाकून त्यावरनं मशीन चालू कर, डिस्कला हात न लावता त्याच पेन ड्राइव्हवरनं चालतं आणि फाइली दिसतात (बिटलॉकर असेल तर परत ती की लागणारच).

डेटा हातात आल्यावर मग खुशाल फॉरमॅट. पण विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा जमत असेल तर ११ टाक. त्याला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि निदान ४ जीबी रॅम, कागदावर ४, खरं तर ८ च्या खाली रडतं. जुनं मशीन बसत नसेल तर तेच लिनक्स कायमचं टाकून बघ, पीडीएफ वाचायला आणि टेस्ट सोडवायला काही अडत नाही. आणि नोट्स दोन जागी ठेवत जा रे.

प्रश्न (भोकरदन, जि. जालना): माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. इन्व्हर्टर बसवलाय तरी लाईट गेली की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, फॉर्म अर्धवट राहतो, गिऱ्हाईक ओरडतं. कधी तर चालूच होत नाही, दोन-तीनदा बटण दाबावं लागतं. आणि डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात.

उत्तर: तुमचे तीन प्रश्न आहेत आणि तिसरा सगळ्यात आधी.

झिणझिण्या येतात म्हणजे अर्थिंग नाही. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून डब्याच्या पत्र्याला दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, त्यातनं गळणारा बारीक करंट अर्थिंगमधनं जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंग नसलं की पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी बारीक असतो म्हणून नुसतं मुंग्या येतात, पण उद्या खरंच एसएमपीएस लीक झाला तर वाचवायला काहीच नाही, आणि तुमच्याकडं गिऱ्हाईकांची लेकरं टेबलापाशी उभी असतात. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कुणी कापून टाकली का बघा, ती असेल तर सॉकेटात मागं हिरवी वायर जोडलीय का, आणि ती जोडली असली तरी तिचं दुसरं टोक खरंच जमिनीत गेलंय का. आपल्याकडं उन्हाळ्यात काळी माती भेगाळती तशी अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल पण जाते, तेव्हा तिथं अधनंमधनं बादलीभर पाणी ओतायचं, मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडला की त्याचा काही उपयोग राहत नाही. नळाच्या पाईपला वायर गुंडाळणं म्हणजे अर्थिंग नाही, घरात आता सगळा प्लास्टिकचा पाईप असतो.

आता रिस्टार्ट. घरच्या इन्व्हर्टरला बऱ्याचदा मागं नाहीतर पुढं एक स्विच असतो, एका बाजूला यूपीएस मोड आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर तो बॅटरीवर यायला जो वेळ घेतो तेवढ्यात पंखा-बल्बला कळत नाही पण कॉम्प्युटर पडतो. यूपीएस मोडवर टाका. त्याची अडचण अशी की त्या मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेजची हद्द आवळून धरतो, साधारण १८० च्या खाली गेलं की लाईट असूनबी बॅटरीवर जातो, आणि रब्बीत सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की खेड्यात व्होल्टेज तेवढं पडतंच, मग बॅटरी दिवसभर रिकामी होत राहती. तुमच्याकडं डिम लाईटचा त्रास असेल तर इन्व्हर्टर नॉर्मलवरच ठेवा आणि कॉम्प्युटरपुरता वेगळा छोटा यूपीएस घ्या, इन्व्हर्टरच्या लाईनवरच लावायचा, मधली उडी तो भरून काढतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लाटेची वीज देणारा) असेल तर काही नव्या एसएमपीएसना तो मानवत नाही, बॅटरीवर गेला की घुरघुरतात नाहीतर बंद होतात, अशा वेळी प्युअर साइन वेव्हचा (मेन लाईटसारखी वीज देणारा) लागतो.

यूपीएस आधीपासून असेल आणि लाईट गेली की लगेच मान टाकत असेल तर त्यातली बॅटरी बदला, १२ व्होल्ट ७ एएचची असती, दोन-तीन वर्षांत संपते, यूपीएस फेकायची गरज नाही. लेझर प्रिंटर त्या यूपीएसवर लावायचा नाही, तो गरम होताना एकदम एवढा करंट ओढतो की यूपीएसच बसतो.

दोन-तीनदा बटण दाबल्यावर चालू होणं हे बहुतेक एसएमपीएसचं म्हातारपण. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या (मशीनचा मेंदू) आसपास नळकांड्यासारखे कपॅसिटर असतात त्यांची टोपी सपाट आहे का फुगलीय तेबी एकदा बघा. फुगली असेल तर तो बोर्ड आज ना उद्या जाणार, गर्दीच्या दिवसात जायच्या आत सोय करा.

प्रश्न (परभणी): उन्हाळ्यात दुपारी चालू केला की दहा मिनिटात आपोआप बंद व्हायचा आणि लगेच परत चालूच व्हायचा नाही, संध्याकाळी व्हायचा. आता बरा आहे. पुढच्या उन्हाळ्याआधी काय करावं?

उत्तर: आत्ताच विचारलंत ते बरं केलं, मे महिन्यात विचारणारेच जास्त. प्रोसेसर साधारण १०० अंशाच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो आणि थंड होईस्तोवर उठत नाही. तुमच्याकडं पारा ४२-४३ ला टेकतो, म्हणजे पंखा आत जी हवा ओढतो तीच तापलेली. त्यात प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत धुळीची गादी बसलेली असती. पंखा काढून ती झाडा, काढलाच आहे तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्या पट्ट्यांच्या मधला उष्णता वाहून नेणारा लेप) नवी लावा, जुनी वाळून खडू झालेली असती, बारीक वाटाण्याएवढी पुरे, लोण्यासारखी थापू नका. डबा भिंतीला चिकटवून ठेवू नका, टेबलाच्या बंद कप्प्यात तर नकोच, आणि त्याच्यावर घातलेलं क्रोशाचं नाहीतर भरतकामाचं झाकण वहिनींची माफी मागून काढा, निदान चालू असताना तरी.

आता थोडक्यात काही.

हिंगोलीहून विचारलंय की बूट डिव्हाइस नॉट फाउंड येतं. पेन ड्राइव्ह मागं लावून विसरलात का बघा, मशीन तिच्यातनं विंडोज शोधत बसतं. नसेल तर डिस्कच्या दोन्ही केबली, पातळ डेटाची आणि रुंद पॉवरची, काढून लावा. तरी बायोसमध्ये डिस्कचं नावच दिसत नसेल तर केबल बदलून बघा, त्याच्यानंतर डिस्कवर शंका घ्या.

निलंग्याहून एका शेतकरी वाचकानं लिहिलंय की सोयाबीन काढून घरात टाकल्यापासून उंदरं झालीत आणि कॉम्प्युटर बंद आहे. उघडून बघा, वायर कुरतडलेली दिसंल नाहीतर एसएमपीएसच्या जाळीत पाल मेलेली असंल. उंदराच्या मुतानं मदरबोर्डच्या रेघा सडतात, तसं दिसलं तर लाईट न देता दुकानात न्या. डब्याच्या मागची रिकामी भोकं पत्र्यानं बंद करा, पुठ्ठा लावला तर तो ते खातात.

कळंबच्या एका ताईंचा पंखा फिरतो, दोन सेकंदात थांबतो, परत फिरतो. प्रोसेसरजवळ ४ नाहीतर ८ पिनांचा एक वेगळा पॉवर कनेक्टर असतो, तो बसलाय का बघा ताई, नवा एसएमपीएस लावताना लोक तो विसरतात. बसलेला असेल तर रॅमचं वरचं सगळं करून बघा.

प्रश्न (अंबाजोगाई, जि. बीड): मी निवृत्त शिक्षक. कॉम्प्युटर पंधरा वर्षांचा झाला, आता उठतच नाही. मुलगा पुण्याहून म्हणतो भंगारात द्या. दुरुस्त करावा का द्यावा?

उत्तर: सर, पंधरा वर्षांच्या मशीनवर रॅम साफ करणं, सेल बदलणं, वायरी बघणं एवढा खर्च करा, म्हणजे जवळजवळ फुकटच. मदरबोर्ड गेला असेल तर त्यापुढं पैसा घालू नका, त्या पिढीचा बोर्ड नवा मिळत नाही आणि जुना मिळाला तर त्याची हमी कुणी देत नाही. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस ठेवून घ्या, ते नव्यालाबी चालतात.

पण भंगारवाल्याला देताना हार्ड डिस्क आत ठेवून देऊ नका. चार स्क्रू असतात. त्यात तुमच्या पेन्शनचे कागद, आधारच्या प्रती, पासबुकाचे स्कॅन, काय काय असणार, आणि मशीन मेलं तरी डिस्क दुसरीकडं लावली की सगळं दिसतं. मुलगा दिवाळीला आला की त्याच्या लॅपटॉपला लावून हवं ते काढून घ्या. बाकीचा डबा रद्दीवाल्यापेक्षा ई-कचरा घेणाऱ्याला द्या, रद्दीवाले तांबं काढायला वायरी जाळतात आणि तो धूर गल्लीतच राहतो.